महाराष्ट्रातली राखीव जंगलं: कुठलं निवडावं, कधी जावं, कसं बघावं

दर मे महिन्यात एक तक्रार ऐकू येते: ताडोबाचं आरक्षण मिळालं नाही, सुट्टी फुकट गेली. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत, सहा व्याघ्र प्रकल्प आहेत आणि अभयारण्यं चाळीसहून अधिक आहेत. त्यातल्या कित्येक ठिकाणी शनिवारी पहाटे निघून सहज जाऊन येता येतं. पण सगळी जंगलं एकाच मापाने मोजली जातात. वाघ दिसला तर सहल वसूल, नाहीतर नाही. मग प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे निघाले की माणूस वैतागतो.

ते नियम कुणाच्या लहरीवर ठरलेले नाहीत. जंगल मुळात कशासाठी राखलं गेलं हे माहीत असलं की तिथे पायी फिरता येईल की गाडीतूनच, पावसाळ्यात गेट उघडं असेल की बंद, मुक्काम करू देतील की संध्याकाळी बाहेर काढतील, याचा बराचसा अंदाज घरबसल्या येतो. म्हणून आधी थोडा इतिहास, मग तयारी.

जंगल कशासाठी राखलं गेलं

मुंबईतलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आज वाचलेलं दिसतं ते पाण्यामुळे. शहराला पाणी हवं म्हणून १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी तलाव पूर्ण झाला. तलावात गाळ जाऊ नये म्हणून भोवतालचा डोंगर झाडीसकट राखला गेला. तिथेच पुढे कृष्णगिरी उपवन झालं, मग बोरिवली राष्ट्रीय उद्यान, मग आजचं नाव. त्याच्याही कितीतरी आधी कान्हेरीच्या बौद्ध भिक्षूंनी याच डोंगरावर लेण्यालेण्यांपाशी पाण्याची टाकी खोदली होती. तिथल्या शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. तलावांकडे पर्यटकांना मोकळं सोडत नाहीत, त्याचं कारण हेच आहे. ते आजही पिण्याचं पाणी आहे.

राधानगरी आणि फणसाड हे राजेरजवाड्यांचे शिकारीचे इलाखे. राधानगरीचं दाजीपूर जंगल कोल्हापूर संस्थानाचं, फणसाड मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबाचं. शिकारीसाठी इतरांना मज्जाव होता, म्हणून जंगल टिकलं. दाजीपूर १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं. अशा जंगलांत जुने गाडीरस्ते आणि दाट झाडीत अचानक उघडणारे सडे, म्हणजे कातळाची मोकळी पठारं, असतात. गवे चरायला याच सड्यांवर उतरतात.

ताडोबा महाराष्ट्राचं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, आणि ते महाराष्ट्र राज्याहूनही जुनं. १९५५ साली ते जाहीर झालं तेव्हा चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा मध्य प्रदेशात होता. शिकारबंदी तर त्याच्या वीस वर्षं आधीची, १९३५ची. नाव आलं ‘तारू’वरून. तारू हा गोंडांचा गावप्रमुख, वाघाशी झुंजताना मारला गेला आणि देव झाला अशी श्रद्धा आहे. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. सफारीला गेलेल्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. गाइडला विचारलं तर तो आपुलकीने सांगतो.

मेळघाट १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांत होता. ताडोबा-अंधारी १९९५ साली आणि पेंच १९९९ साली त्या यादीत आले. सह्याद्री २०१०, नवेगाव-नागझिरा २०१३ आणि बोर २०१४ हे त्यानंतरचे.

सांगलीच्या सागरेश्वरची गोष्ट अगदी निराळी आहे. हा उघडाबोडका डोंगर धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नातून लोकांनी झाडं लावून, हरणं आणून सोडून उभा केला. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. नान्नज माळढोकासाठी राखलं, रेहेकुरी काळविटांसाठी, सुप्याचं मयूरेश्वर चिंकारासाठी. ही माळरानं आहेत. तिथे झाडी शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

कायद्याचं एवढं लक्षात ठेवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरं चारता येत नाहीत आणि खाजगी हक्क उरत नाहीत. अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात. म्हणून भीमाशंकरला अभयारण्याच्या आत देवस्थान आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगडला गावं आणि शेतं आहेत, आणि तिथे तुम्ही पायवाटेने चालू शकता. व्याघ्र प्रकल्पात कोअर, म्हणजे आतला कडक राखलेला गाभा, आणि बफर, म्हणजे त्याभोवतीचा पट्टा, असे दोन भाग असतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन ठेवायला सांगितलं. त्यामुळे गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि आरक्षण लवकर संपतं. कोअरमधून उठून गेलेल्या गावांनी याची खरी किंमत मोजली आहे. आज गाइड आणि जिप्सीचालक म्हणून तुमच्यासोबत असणारे पुष्कळजण आसपासच्या गावांतलेच असतात.

ऋतू बघून जंगल निवडा

मार्च ते जून हा विदर्भाचा काळ. पानझडीचं जंगल मोकळं होतं, नाले आटतात, जनावरं उरलेल्या पाणवठ्यांना धरून राहतात. वाघ दिसण्याची शक्यता तेव्हाच सगळ्यात जास्त. ऊनही तसंच. चंद्रपूरला पारा ४५च्या वर सहज जातो. लहान मुलं किंवा रक्तदाबाचा त्रास असलेली मंडळी बरोबर असतील तर दुपारची सफारी घेऊ नका, सकाळचीच घ्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला गेट उघडतात तेव्हा जंगल हिरवंगार असतं, पण गवत कमरेएवढं. वाघ दहा हातांवर बसला तरी दिसत नाही. या दिवसांत रान, फुलपाखरं आणि तलाव बघायचे असतील तरच जा. डिसेंबर-जानेवारीत पक्षी भरपूर, गर्दीही भरपूर, आणि उघड्या जिप्सीत पहाटे हाडं गोठवणारी थंडी.

जुलै ते सप्टेंबर विदर्भातले कोअर बंद असतात. बफरची काही गेटं चालू राहतात, पण रस्ते चिखलाचे असतात आणि जोराचा पाऊस झाला की फेरी रद्द होते. हा काळ सह्याद्रीचा. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर कासचं पठार फुलतं. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चारही ठिकाणं २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेली. कासला जाण्याआधी ऑनलाइन आरक्षण करा आणि शक्यतो मंगळवार ते गुरुवारमधला दिवस घ्या. शनिवार-रविवारी फुलांपेक्षा माणसं जास्त दिसतात. फुलं बघायची तर सकाळी धुकं निवळल्यावर पोहोचा. पठारावर वाटेबाहेर टाकलेलं एक पाऊलही बोटभर मातीत तगलेली रोपं चिरडतं, त्यामुळे फोटोसाठी आत शिरू नका.

कारवीच्या झुडपांचा बहर बघायची हौस असेल तर वर्षं मोजावी लागतात. संजय गांधी उद्यानातली कारवी आठ वर्षांतून एकदा एकदम फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ साली ती फुलली होती. त्या हिशेबाने पुढची पाळी २०३२ची.

वाघाच्या जंगलातली सफारी

आरक्षण करताना आधी गेट ठरवा, मग तारीख, मग मुक्काम. बहुतेकजण हे उलट्या क्रमाने करतात आणि फसतात. ताडोबाच्या कोअरला सहा गेटं आहेत: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी. चंद्रपूरहून येणाऱ्यांना मोहर्ली जवळ पडतं, नागपूरहून येणाऱ्यांना कोलारा किंवा नवेगाव. मोहर्लीत खोली घेतली आणि सफारी कोलाऱ्याची मिळाली तर जंगलातून आडवं जाता येत नाही, बाहेरून मोठा वळसा घ्यावा लागतो. पहाटेच्या अंधारात तो वळसा घेऊन वेळेत गेट गाठणं अवघड असतं. उशीर झाला तर पैसे परत मिळत नाहीत. पेंचलाही तसंच. सिल्लारी, खुर्सापार आणि चोरबाहुली ही गेटं एकमेकांपासून लांब आहेत.

आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक बरोबर भरा, कारण गेटवर मूळ ओळखपत्र ताडून बघतात. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. नावात चूक झाली तर गेटवर अर्धा तास हुज्जत घालण्यात जातो आणि तोवर पहाटेची मोलाची वेळ निघून जाते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, शिवाय चालक आणि गाइड. परवान्याच्या रकमेत काय धरलंय ते नीट वाचा. प्रवेशशुल्क, जिप्सीभाडं, गाइडशुल्क आणि कॅमेऱ्याचं शुल्क कुठे एकत्र तर कुठे वेगवेगळं असतं. वेगळं असेल तर गेटवर द्यायला रोख रक्कम जवळ हवी, खेड्यात नेटवर्कचा भरवसा नसतो.

साप्ताहिक सुट्टी प्रत्येक जंगलाची निराळी. ताडोबा मंगळवारी बंद असतं, संजय गांधी उद्यान सोमवारी. मुक्काम ठरवण्याआधी हे बघा.

कोअर मिळालं नाही तर बफर घ्या, आणि मन खट्टू करू नका. वाघाला नकाशावरची रेष माहीत नसते. आगरझरी, देवाडा, जुनोना अशा ताडोबाच्या बफर गेटांवरून वाघ पुष्कळदा दिसतात. तीन दिवसांच्या मुक्कामात दोन फेऱ्या कोअरच्या आणि दोन बफरच्या, ही वाटणी चांगली. एकाच फेरीवर सगळी आशा ठेवणाऱ्यांची निराशा होण्याची शक्यता जास्त. आणि एका दिवसात सकाळ-दुपार अशा दोन फेऱ्या सलग तीन दिवस केल्या तर तिसऱ्या दिवशी डोळे उघडे राहत नाहीत.

गेट उघडण्याच्या पाऊण तास आधी तिथे असा. कपडे मातकट, राखाडी, गडद हिरवे असू द्या. पांढरा आणि भडक लाल टाळा. हिवाळ्यात आत सुती, वर लोकरीचं आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट असे तीन थर घाला. नऊ वाजता एकेक काढत जाता येतं. एकच जाड स्वेटर घातला तर पहाटे कुडकुडता आणि दहाला घामाघूम होता. उन्हाळ्यात ओला पंचा मानेवर आणि तोंडावर गुंडाळा, धूळ आणि झळ दोन्ही अडतात. माणशी दोन लिटर पाणी घ्या. अत्तर, डिओ लावू नका. ताडोबात सफारीत मोबाइल नेता येत नाही, तेव्हा फोटो हवे असतील तर कॅमेरा लागेल.

दुर्बीण ८×४२ची घ्या. १०×५० दूरचं मोठं दाखवते, पण हलत्या गाडीत हातात स्थिर राहत नाही. कॅमेऱ्याला ट्रायपॉड जिप्सीत निरुपयोगी. किलोभर तांदूळ भरलेली कापडी पिशवी गाडीच्या दांड्यावर ठेवा आणि त्यावर लेन्स टेकवा. सकाळी झाडीत उजेड कमी असतो. चालत्या जनावरासाठी शटर निदान १/५०० ठेवा आणि आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत न घाबरता वाढवा. दाणेदार फोटो पुढे सुधारता येतो, हललेला फोटो सुधारत नाही.

आत शिरल्यावर कान उघडे ठेवा. वानराचा खॅक-खॅक आवाज, चितळाची शिट्टीसारखी हाक, भेकराचं भुंकणं हे सगळे कॉल, म्हणजे धोक्याचे इशारे. चितळ घाबरट, कशालाही ओरडतं. सांबराने एकाच दिशेला बघत, पाय आपटत पुन्हापुन्हा ‘पोंक’ केलं तर मात्र तिथे वाघ किंवा बिबट्या आहे असं धरून चाला. अशा वेळी चालकाला इंजिन बंद करायला सांगा आणि दहा मिनिटं गप्प बसा. बऱ्याच जिप्सी इथेच चुकतात. दोन मिनिटांत कंटाळून पुढे जातात आणि मागून वाघ रस्ता ओलांडून जातो.

राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जनावरापासून २० मीटरहून जास्त अंतर ठेवायचं, दोन गाड्यांत ५० मीटर ठेवायचं आणि एकाच ठिकाणी १५ मिनिटांहून जास्त अडून बसायचं नाही. हे पाळणं तुमच्याही हातात आहे. २०२४च्या ३१ डिसेंबरला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी गाड्यांनी घेरलं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ‘अजून जवळ घ्या’ असं पर्यटकच म्हणतो आणि बक्षिसीच्या आशेने चालक ऐकतो. तुम्ही आधीच सांगून टाका की आम्हाला जवळ नको, वाट मोकळी ठेवा. चांगल्या गाइडला हे ऐकून बरं वाटतं आणि तो मग तुम्हाला जंगल जास्त मन लावून दाखवतो.

पौर्णिमेचं मचाण

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग ‘निसर्गानुभव’ भरवतो. मेळघाटात आणि ताडोबाच्या बफरमध्ये पाणवठ्यावरच्या मचाणावर एक-दोन नागरिक आणि वनकर्मचारी रात्रभर बसतात. पूर्वी ही प्राण्यांची गणना होती. आता वाघांचा अंदाज कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांनी बांधतात, त्यामुळे हा मुख्यतः अनुभवाचा कार्यक्रम उरला आहे. वैशाखात पाणी सगळ्यात कमी आणि चांदणं सगळ्यात जास्त, म्हणून ही रात्र निवडली जाते. महाराष्ट्रातल्या जंगलाची ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा नाही. अर्ज एप्रिलपासून बघत राहा, जागा थोड्या असतात.

दुपारी एकदा मचाणावर चढलात की सकाळपर्यंत खाली उतरता येत नाही, सगळी तयारी हे धरूनच करायची. माणशी चार लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत ओआरएस. खायला दशम्या, गूळ, भाजलेले शेंगदाणे, खजूर. तळलेलं, मसालेदार, वासाचं काही नको, आणि कुरकुरीत पाकिटं तर मुळीच नकोत. पाणवठ्यावर प्लास्टिकचा चुरचुराट शंभर मीटर ऐकू जातो. स्टीलची बाटली कापडात गुंडाळा. लघवीसाठी रुंद तोंडाची झाकणाची बाटली लागते. सांगायला लाज वाटते म्हणून कुणी सांगत नाही, आणि मग रात्री बाराला पंचाईत होते. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन लावा आणि तो फक्त वही बघण्यापुरता वापरा. खोकल्याची गोळी खिशात ठेवा. घोरणाऱ्याने जागं राहायची तयारी करूनच यावं.

नोंदवहीत रकाने असे: वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लू, कुठून आला, कुठे गेला. शेवटचे दोन रकाने गाळले की तेच रानडुकरांचं टोळकं तीनदा मोजलं जातं. सगळ्यात जास्त हालचाल सूर्यास्ताच्या आगेमागे दोन तास आणि पहाटे चारनंतर असते. झोप काढायची असेल तर एक ते तीनमध्ये, आळीपाळीने.

पायी बघायची जंगलं

संजय गांधी उद्यान बोरिवली स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मुख्य गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर. उद्यानाची बस किंवा भाड्याची सायकल घ्या. सायकल घेतलीत तर ब्रेक आधी तपासा, शेवटची चढण परतताना तीव्र उतार होते. कान्हेरीचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, ते वेगळं. शंभरावर लेणी आहेत. बहुतेकजण तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह बघून परततात. तुम्ही वरच्या टप्प्यापर्यंत जा आणि टाक्यांना पाणी कुठून येतं ते कातळात खोदलेल्या पन्हाळींवरून शोधा. पावसाळ्यात हे सगळं वाहतं असतं. शिलोंड्यासारख्या आतल्या वाटांवर एकट्याने जायचं नाही. निसर्ग माहिती केंद्रातून परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जायचं. बिबट्यांचं घर आहे हे. संध्याकाळी मुलांना मागे-पुढे सुटं सोडू नका, झुडपापाशी वाकून बसू नका. समोर आलाच तर पळू नका, ताठ उभे राहा, हात वर करून मोठे दिसा आणि सावकाश मागे सरका.

पनवेलजवळचं कर्नाळा (१९६८, अवघं १२.११ चौरस किलोमीटर) पक्षीनिरीक्षणाची सुरुवात करायला उत्तम. गेट उघडताच आत जा. नऊनंतर किल्ल्यावर जाणाऱ्यांचा गोंगाट वाढतो आणि पक्षी मुके होतात. किल्ल्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात, तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर हात झटकत उभे राहू नका. डोकं-तोंड कापडाने झाकून जितक्या लांब पळता येईल तितकं पळा.

भीमाशंकरला शेकरू बघायचा असेल तर श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून जा. सकाळी सात ते नऊ मान वर करून चाला, फांदीच्या बेचक्यात काटक्यांचा मोठा गोळा दिसला की ते शेकरूचं घरटं. खांडसहून चढायचं असेल तर पावसात गणेश घाटाने जा. शिडी घाट पावसाळ्यात जीवघेणा आहे.

वासोटा हा किल्ला सगळ्यात नीट आखावा लागतो, कारण तो कोयना अभयारण्याच्या आत आहे आणि वाट पाण्यातून आहे. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली गाठायचं, तिथे वनविभागाची परवानगी घ्यायची आणि शिवसागर जलाशयातून लाँचने मेट इंदवलीला उतरायचं. लाँचला तास-दीड तास लागतो. भाडं अख्ख्या लाँचचं असतं, म्हणून दहा-बारा जणांचा गट परवडतो. दोघे-तिघेच असाल तर सकाळी लवकर बामणोलीत पोहोचून दुसऱ्या गटात सामील व्हा. पायथ्याला तपासणीत प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि परतताना तेवढ्याच दाखवाव्या लागतात, तेव्हा पाकिटं घरीच सोडून डब्यात खाऊ भरा. चढायला दोन ते अडीच तास, उतरायला दीड. गडावर मुक्काम करता येत नाही आणि अंधाराआधी लाँच परत न्यावी लागते. लाँच साडेदहानंतर निघाली तर गडावर जेमतेम अर्धा तास मिळतो, म्हणून आदल्या रात्रीच बामणोलीत किंवा कासच्या बाजूला राहा. पहिला तास दाट सदाहरित झाडीतला आहे, अस्वल आणि गवे आहेत. गट तुटू देऊ नका, बोलत चाला. अस्वल दचकलं की अंगावर येतं. पावसाळ्यात हा ट्रेक बंद असतो.

सह्याद्रीत पावसात जळवा येणारच. पायमोज्यात पँट खोचा आणि बुटांवर तंबाखूचं पाणी लावा. लागलेली जळू ओढून काढू नका, मीठ टाका. दोडामार्ग-सावंतवाडी भागात जानेवारी ते मे दरम्यान जाणाऱ्यांनी गोचिडांची काळजी घ्यावी. माकडताप त्यांच्यामुळे पसरतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनरक्षकाला कळवा. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

पाणथळ आणि माळरान

निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), जानेवारी २०२०मध्ये जाहीर झालेलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या दगडी बंधाऱ्यामागे गाळ साचून हा उथळ पसारा तयार झाला. उथळ पाणी आहे म्हणूनच चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं, शराटी इथे येतात. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, चापडगावच्या मनोऱ्यांवरून, सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरून बघा. इथे दुर्बिणीपेक्षा स्पॉटिंग स्कोप कामाला येतो, पक्षी लांब असतात.

ठाणे खाडीतल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी ऐरोलीहून बोट सुटते. तारखेआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. बोटीला भरतीचं पाणी लागतं आणि रोहित उघड्या चिखलावर चरतात, म्हणजे दोन्हीच्या मधली वेळ साधावी लागते. दुपारी बाराची भर उन्हातली बोट मिळाली तर सगळे पक्षी काळे दिसतात, फोटो निघत नाहीत.

माळरानावर गाडी हीच तुमची लपण. रेहेकुरी जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं आहे. काळवीट गाडीला बुजत नाहीत, पण दार उघडून माणूस उतरला की कळप तीनशे मीटर पळतो. टिटवी, चंडोल यांची घरटी जमिनीवरच असतात, तेव्हा मातीच्या रस्त्याबाहेर चाक उतरवू नका.

साप चावल्यास दोरी आवळून बांधू नका, जखम कापू नका. दागिने आणि घड्याळ काढा, अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, १०८ला फोन करा आणि जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका. जंगलात वणवा, फास, जखमी जनावर किंवा शिकारीचा संशय येण्याजोगं काही दिसलं तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक फिरवा. जवळच्या दगडावर किंवा झाडावर रंगवलेला कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या तुकड्याचा क्रमांक) दिसत असेल तर तोच आधी सांगा. नुसत्या ‘तलावाच्या पुढे’ एवढ्या खुणेवर वनरक्षकाला जागा शोधायला तास लागतो, कक्ष क्रमांकावरून तो थेट येतो.